सोमवारची पुडी

"नर्सबाई, माईकम्होरं डोईवर पदर घ्यायचा का सोडायचा?" मेटाडोरमध्ये चढता चढता गुरम्मानं मला विचारलं.

"माईक म्हंजी काय तुमचा सासरा हाय का, पदर घ्यायला? आवाज मोकळा सोडा म्हंजी झालं."

बायका हसल्या. चौदा बायका, एक पखवाज, एक पेटी, टाळांची पिशवी आणि पाण्यानं भरलेल्या तीन कळशा एवढं सगळं त्या गाडीत कोंबायचं होतं. कळशा गुरम्माच्या हट्टापायी. लातूरला प्यायला पाणी मिळेल याचा तिला भरवसा नव्हता. मी म्हणाले, "अहो, जिल्ह्याचं गाव हाय ते आता." तर म्हणाली, "जिल्हा झाला म्हून विहिरीला पाझर फुटला का काय?" साल शहाऐंशी. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. ऑगस्ट अर्धा सरला तरी रानं उघडी पडलेली होती आणि आमच्या बेलहिप्परग्याला तीन दिवसांआड टँकर यायचा. जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. आधी उस्मानाबादला खेटे घालायचे ते आता लातूरला घालायचे, आमच्या गावापुरता एवढाच फरक पडला होता. पण पंधरा ऑगस्टला नव्या जिल्ह्याचा मोठा कार्यक्रम होता आणि त्यात आमच्या महिला भजनी मंडळाला गायला बोलावलं होतं. सगळ्या जणी ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. देवळाचे वीरभद्र स्वामी पखवाज वाजवायचे, ते ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसले.

रुद्राणी माझ्या बाजूला बसली. वीस वर्षांची पोर, धोंडप्पाची एकुलती एक. आई लहानपणीच गेलेली. तिचं लग्न लातूरच्याच एका भुसार दुकानदाराच्या, गुरुपादप्पांच्या मुलाशी ठरलं होतं. दिवाळीनंतर बार उडायचा होता. धोंडप्पा सकाळच्या एस.टी.नं पुढे गेला होता, व्याह्यांना घेऊन पहिल्या रांगेत बसायचं म्हणून. पोरीचं गाणं व्याह्यांनी ऐकावं, ही त्याची हौस.

"अक्का," रुद्राणी माझ्या कानाशी म्हणाली, "आज मी पुरे बारा घेणार बगा."

"घे. पण हावरेपणा करू नको."

हे बारा म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

मी बेलहिप्परग्याच्या उपकेंद्रात नर्स. रत्नम्मा माझं नाव, पण ते गावात कुणी घेत नाही. मूळची बिलोलीकडची. नवरा वारल्यावर ही नोकरी लागली आणि पंच्याहत्तर साली इथे आले. तेव्हा नर्स म्हणजे ऑपरेशनला धरून नेणारी बाई अशी आमची ख्याती. मला बघून बायका दारं लावून घ्यायच्या. दर सोमवारी दिवेलागणीला महादेवाच्या देवळात बायकांचं भजन असे, तिथे जाऊन मी मागे खांबाशी बसू लागले. गळा माझा फाटका, पण टाळ धरता येत होता. चौथ्या सोमवारी गुरम्मानं सरकून जागा दिली, आणि मी गावची झाले. पुढे अकरा वर्षांत मी जेवढी बाळंतपणं केली आणि जेवढ्या लसी टोचल्या, त्यातल्या निम्म्या तरी त्या जागेमुळे.

दुष्काळात तर या भजनाची किंमत मला फार कळली. सकाळी टँकरपाशी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बाया संध्याकाळी गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. पखवाजाला कणीक लावावी लागते. ती भिजवायला आळीपाळीनं एकेक जण घरून वाटीभर पाणी आणायची, आणि त्या वाटीवरून एकदाही भांडण झालं नाही. ज्यांना रात्र रात्र डोळा लागत नसे, त्यांना सोमवारी म्हणे गाढ झोप लागे. माझ्या औषधाच्या डब्यात असली गोळी नव्हती.

गुरम्मानं एक रिवाज पाडला होता. तिनं स्वतः रचलेली एक ओळ होती, 'सांबा, तुझ्या दारी उभी मी घागर घेऊन'. भजन संपताना एक टाळजोड हातोहात फिरायची. जिच्या हातात येईल तिनं ही ओळ एकटीनं म्हणायची आणि शेवटचा सूर एका दमात जितका ओढता येईल तितका ओढायचा. बाकीच्या बोटांची पेरं मोजायच्या. चार बोटं, बारा पेरं. बारा गाठली की सगळ्या टाळ्या पिटायच्या, आणि मध्येच तुटली की तिची काही खैर नसे. "काय गं, सासूनं दम बी काढून घेतला का?" अशी थट्टा चालायची.

रुद्राणी कायम बारा घेणारी. आदल्या दिवाळीच्या सुमाराला एका सोमवारी ती आठावर तुटली. पुढच्या सोमवारी पाचावर. ती हसली, तोंड फिरवलं आणि पदर तोंडात धरून खोकली. सगळ्या थट्टा करत होत्या. माझ्या हातातला टाळ तसाच राहिला. नर्सच्या कानाला कुणी सुट्टी देत नाही.

बांगड्या भरायला म्हणून मी तिला उदगीरला घेऊन गेले आणि थुंकी तपासून आणली. क्षय. आता कुणी एवढं घाबरत नाही, पण तेव्हा त्या रोगाचं नावसुद्धा लोक घेत नसत, 'तसला खोकला' म्हणत. धोंडप्पाला सांगितलं तेव्हा तो उंबऱ्यावरच बसला.

"बाई, सोयरीक जमवायलोय मी पोरीची. हे भायेर गेलं तर माझ्या दारात कुत्रं बी येणार न्हाई."

"अण्णा, बरा होतो हा रोग. दीड वर्ष रोज एक गोळी. फक्त एक दिवस बी खाडा नको."

"लिंगावर हात ठिवून सांगा. कुणाला कळणार न्हाई म्हून."

मी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि शपथ घेतली. आम्हा लिंगायतांत याच्यापुढे शपथ नाही.

पण गोळ्या द्यायच्या कशा? उपकेंद्रासमोर पार, पारावर दिवसभर माणसं. लग्नाची पोर दर आठवड्याला नर्सकडे कशाला जाते, हे विचारायला कुणाला दुसरं काम नव्हतं. तोड काढली वीरभद्र स्वामींनी. भजन झाल्यावर ते प्रत्येकीला अंगारा आणि फुटाण्यांची पुडी प्रसाद म्हणून द्यायचे. ते म्हणाले, "तिच्या पुडीत फुटाण्याऐवजी गोळ्या बांधू की. सात फुटाणे, सात गोळ्या. हाताला सारखंच लागतंय." मी कचरले. देवाच्या प्रसादात औषध मिसळायचं म्हणजे! स्वामी हसले. "औषध काय, अंगारा काय, देणारा त्योच हाय." मला ते बोलणं तेव्हा फार आवडलं होतं.

पहिले दोन महिने मी रुद्राणीला दाराशी वाऱ्याला बसवलं आणि टाळ घेऊ दिला नाही. घसा बसलाय म्हणून सांगितलं. मग ती पुन्हा गायला लागली. सहा, सात, नऊ. मी पेरं मोजायची आणि मनात हिशेब करायची की फुप्फुस किती भरून आलं. त्याच कानानं मी संक्रांतीच्या आत आणखी चौघींना पकडलं. त्यात एक खुद्द गुरम्मा. पाचही जणी प्रत्येक सोमवारी सगळ्यांच्या देखत आपापली पुडी घेऊन जायच्या, आणि कुणाची कुणालाही खबर नव्हती.

आता शेषेराव. हा आमच्या खात्याचा विस्तार अधिकारी, आमच्या बिलोलीकडचाच, म्हणून मी त्याला सहा वर्षं राखी बांधत होते. संक्रांतीच्या सुमाराला गोळ्या तुटल्या. खात्याच्या गाड्या पाण्याच्या कामाला लावलेल्या, मागणी केली की येतील येतील एवढंच उत्तर. डब्यात तीन आठवड्यांच्या गोळ्या उरल्या तेव्हा मी त्याला गाठलं. शेषेराव म्हणाला, "ताई, नावं द्या. नावाशिवाय गोळ्या निघत नाहीत. मी स्वतः लातूरहून आणून देतो."

"नावं कुणाला कळता कामा न्हाईत, शेषेराव."

"माझ्या पोटात राहतील. भावावर एवढा बी विश्वास नाही का?"

मी कागदावर पाच नावं लिहून दिली. शपथ आठवली नाही असं कसं म्हणू? आठवली. पण मला वाटलं, हा परका नाही, आणि नाव न देऊन पोर मेली तर ती शपथ काय चाटायची आहे? आजही मला यातलं काय चुकलं ते नीट सांगता येत नाही, आणि चुकलं हे तर उघड आहे.

त्यानं शब्द पाळला. दर महिन्याला आपल्या राजदूत फटफटीवर धूळ खात यायचा. एकदा अंगात ताप असताना आला. भजनालाही बसायचा, गुरम्माची ओळ ऐकून डोळे पुसायचा. "ताई, हे तुम्ही जे केलंय ना, ते सगळ्या जिल्ह्याला कळलं पाहिजे," असं म्हणायचा. मी म्हणायची, "भजन कळू द्या. बाकीचं नको." तो मान डोलवायचा. पंधरा ऑगस्टचं बोलावणं त्यानंच आणलं होतं.

लातूरला मैदानावर मोठा मांडव. माणसं किती ते विचारू नका. पहिल्या रांगेत धोंडप्पा नवा फेटा बांधून बसला होता आणि शेजारी गुरुपादप्पा, जाकीट घातलेले, भारदस्त. सुरुवातीला बायकांचे आवाज थरथरले. मग स्वामींनी पखवाजावर थाप मारली आणि गुरम्मानं असा आवाज लावला, की मागचे उभे असलेले लोक खाली बसले. शेवटी टाळजोड फिरली. मंडळींना गुरम्मानं आधीच माईकवरून सांगितलं होतं, "तुमी बी पेरं मोजा." सगळं मैदान बोटं मोजत होतं! कुणी नऊ, कुणी दहा. सगळ्यात शेवटी रुद्राणी. डोळे मिटून तिनं सूर धरला. दहा, अकरा, बारा. लोकांनी टाळ्या सुरू केल्या तरी ती थांबेना. चौदावर तिनं हसत हसत सोडलं. गुरुपादप्पा धोंडप्पाच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी म्हणाले. धोंडप्पानं उपरण्यानं डोळे टिपले. त्या एका घटकेला मी इतकी सुखी होते, की माझं मलाच कौतुक वाटत होतं.

तेवढ्यात शेषेराव माईकपाशी आला.

"मंडळी, ही मुलगी आत्ता चौदा मोजेपर्यंत गायली. रुद्राणी धोंडप्पा, मुक्काम बेलहिप्परगा. आपल्याला खरं वाटणार नाही, दहा महिन्यांपूर्वी या मुलीला क्षयरोग होता..."

मी मागून त्याचा सदरा ओढला. त्याला वाटलं मी लाजतेय. "आमच्या रत्नम्माताई संकोच करतात," तो हसून म्हणाला, "पण आज मी सांगणारच. गाण्याच्या दमावरून रोग ओळखायचा आणि प्रसादाच्या पुडीतून औषध द्यायचं, असा प्रयोग देशात कुठे झाला नसेल! आणि अशा आणखी चार भगिनी याच मंडळात आत्ता आपल्यासमोर बसल्या आहेत!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. गुरुपादप्पाही टाळ्या वाजवत होते. मग त्यांचे हात थांबले आणि त्यांनी ते मांडीवर ठेवले. धोंडप्पा व्याह्यांकडे बघत नव्हता, रुद्राणीकडेही नाही. तो माझ्याकडे बघत होता.

गुरुपादप्पा माणूस सभ्य. कार्यक्रमानंतर त्यांनी सगळ्यांबरोबर चहा घेतला. धोंडप्पाला म्हणाले, "तुमाला गाडी गाठायची असंल," आणि गर्दीतून निघून गेले.

परतीच्या वाटेवर मेटाडोरमध्ये तेरा बायका एकमेकींकडे बघत होत्या आणि चार कोण त्याचा अंदाज करत होत्या. येताना हातात हात घालून बसलेल्या, आता अंग चोरून बसल्या होत्या. तिन्ही कळशा तशाच भरलेल्या. कुणी घोटभर प्यायलं नाही, दुसरीचा ओठ लागला असेल म्हणून.

चाकूर मागे पडल्यावर रुद्राणीनं विचारलं, "अक्का, त्यांना तुमी सांगितलं?"

मी हो म्हणाले.

ती उठली आणि गाडीच्या दुसऱ्या कडेला जाऊन बसली.

चौथ्या दिवशी लातूरहून माणूस आला आणि साखरपुड्याची साडी परत घेऊन गेला. पाचव्या दिवशी धोंडप्पा उपकेंद्रात आला. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकल्या असत्या.

"लिंगावर हात ठिवला होता तुमी," एवढंच म्हणाला.

"अण्णा, गोळ्या तुटल्या होत्या म्हून..."

"लिंगावर हात ठिवला होता, बाई."

"ते माझं पाप हाय, मी भोगीन. पण पोरीच्या गोळ्या बंद करू नका. आठ महिने राह्यले अजून. अर्ध्यावर सोडलं तर रोग परत येतो, आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत न्हाई."

"माझ्या घरात कुणी बी आजारी न्हाई," तो म्हणाला, आणि पायताण घालून चालता झाला.

सोमवारी मी आणि स्वामी देवळात बसलो. वाटीत पाणी मीच नेलं होतं. स्वामींनी कणीक भिजवून पखवाजाला लावली आणि आम्ही वाट बघितली. कुणी आलं नाही. एकेका घरात काय चाललंय ते हळूहळू कानावर येत होतं. कुणाच्या सासूनं पुडीतले फुटाणे उकिरड्यावर फेकले होते. जिला साधी सर्दी नव्हती तिचा नवरा मला रस्त्यात अडवून म्हणाला, "आमच्या मंडळीला बी गोळ्या चारल्या का तुमी? खरं सांगा." गुरम्मा पारावर उभी राहून मोठमोठ्यानं सांगत होती, "मला कशाला गोळ्या? मी दगड खाऊन पचवीन!" आणि पहाटे माझ्या मागच्या दाराशी येऊन, न बोलता, हात पुढे करायची. मी गोळ्या द्यायची. दिवसा भेटली तर ओळख दाखवत नसे. बाकीच्या तिघींपैकी दोघी अशाच आल्या, तिसरी आली नाही, आणि दसऱ्याला नवरा तिला घेऊन ऊसतोडीला निघून गेला. तर ज्या तिघींनी मागचं दार धरलं त्यांच्यावर माझा राग नाही. औषध घेतात ना, मग मला शेण म्हणेनात का.

स्वामींनी पखवाजाची कणीक खरवडून काढली. "वाळली," म्हणाले. मग आम्ही उठलो.

महिनाअखेरीला शेषेराव आला. राजदूतवरून एक तसबीर घेऊन. त्यात आम्ही चौदा जणी स्टेजवर, रुद्राणी मध्यभागी, डोळे मिटून. दुसऱ्या हातात पाच जणींच्या महिन्याच्या गोळ्या.

"घेऊन जा तो फोटो," मी म्हणाले.

"ताई, मी काय वाईट बोललो? बरी झालेली पोरगी म्हणून कौतुकच केलं की. लोकांनी तिचा आदर्श घ्यावा म्हणून..."

"बरी झालेली? आठ महिने राहिलेत तिचे! आणि आता ती घेत न्हाई. लगीन मोडलं, भजन मोडलं, अकरा वर्षांत मिळवलेली माझी जागा गेली. मी तुमाला नावं गोळ्यांसाठी दिली होती, शेषेराव, टाळ्यांसाठी न्हाई."

तो रडला. खरंच रडला. तो दुष्ट असता तर फार बरं झालं असतं, शिव्या तरी तोंडभरून देता आल्या असत्या. पण ज्या हातांनी त्यानं माझा गळा कापला, त्याच हातांनी त्यानं तापात गोळ्या आणल्या होत्या. "मी धोंडप्पाच्या पाया पडतो," म्हणाला. मी म्हटलं, नको, तुम्ही त्यांच्या दारात गेलात तर उरलंसुरलंही जाईल. गोळ्या टेबलावर ठेवून तो गेला. दसऱ्याला त्याची लातूरच्या मुख्य कचेरीत बदली झाली, वरची जागा मिळाली. पुढच्या राखीपौर्णिमेला त्याचं पाकीट आलं, ते मी उघडलं नाही.

पण मी काही हात बांधून बसणारी नव्हे. भजन नसलं तरी दर सोमवारी मी आणि स्वामी एक पुडी बांधायचो. अंगारा आणि सात गोळ्या. संध्याकाळी फेरीवर जाताना धोंडप्पाच्या दाराशेजारी भिंतीतल्या देवळीत ठेवायची आणि मागे न बघता चालू पडायचं. पहिल्या मंगळवारी सकाळी बघितलं तर पुडी नव्हती. माझ्या जिवात जीव आला. दुसऱ्या आठवड्यातही नव्हती. तिसऱ्या, चौथ्याही. धोंडप्पा माझ्याशी बोलत नव्हता, पण पुडी आत जात होती. स्वामींना सांगितलं तर म्हणाले, "बघा, देव हाय." मीही मान डोलवली. दिवाळी गेली, मार्गशीर्ष लागला. त्या दिवसांत मला परत भूक लागू लागली होती.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी लस टोचायला निघाले होते. धोंडप्पाच्या गोठ्यामागून वाट जाते. चारा नसल्यानं बैल विकलेले, गोठा रिकामा. आतून सारवण्याचा आवाज येत होता, आणि त्याबरोबर गाणं. रुद्राणी. हळू आवाजात, स्वतःशी. 'सांबा, तुझ्या दारी उभी मी घागर घेऊन.' चार महिन्यांनी ती ओळ ऐकली आणि मी गोठ्याच्या भिंतीशी थांबले. शेवटचा सूर तिनं धरला. माझा अंगठा आपोआप पेरांवर फिरायला लागला.

चारावर तुटला.

मग खोकला. तो खोकला ओळखायला मला उदगीरला जायची गरज नव्हती.

मी तशीच पुढच्या दारानं आत गेले. धोंडप्पा घरी नव्हता. रुद्राणी शेणानं भरलेले हात घेऊन समोर आली. केवढीशी झाली होती पोर! गालाची हाडं वर आलेली. कपाळावर मात्र अंगाऱ्याची तीन बोटं ठसठशीत ओढलेली, नुकतीच.

"रुद्राणी, गोळ्या खातीस ना गं तू?"

ती हात धुऊन आत गेली आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकण काढून माझ्यापुढे धरला. माझ्या सगळ्या गोळ्या. एकूण एक. लुगड्याच्या चिंधीवर नीट पुसून ठेवलेल्या, अंगाऱ्याचा एक कण त्यांना लागलेला नव्हता.

"अप्पा म्हणले, गोळ्यानं नाव गेलं, अंगाऱ्यानं गुण आला. तवा अंगारा तेवढा ठिव."

"अगं, गुण गोळ्यांनीच आला होता! तुला तर ठावं हाय. दहा महिने..."

"काय की, अक्का. दहा महिने पुडीत दोनी बी हुतं."

मी तिच्याशी किती बोलले! हात धरले, रडले, ओरडले. आत्ताच्या आत्ता उदगीरला चल म्हणाले, मी तुझ्या अप्पाच्या पाया पडते म्हणाले. आणि बोलता बोलता मला कळत होतं, की ही गाठ धोंडप्पानं बांधलेली नव्हती. औषध अंगाऱ्यात गुंडाळून आम्ही दिलं होतं, आम्ही दोघांनी, मोठ्या हुशारीनं. आता लोकांनी त्यातलं जे आपलं वाटलं ते ठेवून घेतलं होतं आणि जे परकं वाटलं ते मला परत दिलं होतं. विश्वास ठेवण्यासारखं मी त्यांच्यापाशी काय ठेवलं होतं? माझा शब्द तर लातूरच्या माईकवरून केव्हाच गेला होता.

ती ऐकून घेत होती. चिडली नाही, रडली नाही. मी थकून गप्प झाले तेव्हा तिनं डब्याचं झाकण लावलं आणि डबा माझ्या पिशवीत ठेवला. मग पदर तोंडाशी धरून खोकली आणि दाराला टेकली.

"अक्का," ती म्हणाली, "पुढच्या सोमवारी अंगारा जरा जास्त घाला. शनिवारलाच संपायलाय."

मी हो म्हणाले.